न धुतलेल्या पायाचा फोटो

क्लच डाव्या पायाने दाबतात. सत्तावीस वर्षं म्हापसा-पेडणे लाईनीवर खाजगी बस चालवल्यावर माणसाचा डावा पाय त्याचा राहत नाही, गाडीचा होतो. माझ्या त्याच पायाला जखम झाली. तेव्हा पाय जाईल ही भीती मला उशिरा वाटली. आधी वाटली ती ड्रायव्हरची सीट जाईल याची.

ड्रेसिंगच्या खोलीबाहेरच्या बाकावर साखरेचे रोगी बसलेले असतात. नवा कोणी आला की माझ्या पायाकडे बघतो, मग स्वतःच्या पायाकडे बघतो आणि हळूच विचारतो, "तुमचं काय झालं?" मी सांगायला लागतो तोवर आत माझं नाव पुकारतात आणि गोष्ट अर्धी राहते. ती पूर्ण करावी म्हणून हे लिहायला घेतलं. औषधांची नावं मला पाठ नाहीत आणि ती सांगणं माझं काम नाही. माझं कुठे चुकलं तेवढं सांगतो.

फरशीवरचं रक्त

एका संध्याकाळी मी कामावरून घरी आलो, चप्पल काढली आणि पडवीतून आत गेलो. बायको, शालन, नुकतीच फरशी पुसून बाजूला झाली होती. ती मागून ओरडली, "ह्यां रक्त खंयचां? आत्ता पुसलंय मी." मी वळून बघितलं तर दारापासून माझ्यापर्यंत डाव्या पायाचे ठसे.

चपलेत एक छोटा स्क्रू घुसला होता, सीटच्या पत्र्याचा. पहिल्या फेरीत घुसला की शेवटच्या, देव जाणे. मी दिवसभर त्याच्यावर पाय देऊन क्लच मारत होतो आणि मला काही कळलं नव्हतं. शालन जखमेपेक्षा ह्याच गोष्टीला घाबरली. "दुखाक नाय तुमका?" असं तिने तीनदा विचारलं. मी म्हटलं, बरंच झालं ना. खरंच तेव्हा मला वाटलं, नशीब, दुखत नाही.

साखर मला बारा वर्षं होती. गोळी आठवली तर घ्यायची, स्टॅंडवर कोणी चहा पाजला तर नको म्हणायचं नाही, असा आमचा कारभार.

म्हापशाच्या इस्पितळात पायाची तपासणी करणारी डॉक्टर तरुण होती. डॉक्टर रेवती. आमच्या लेकीपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. तिने मला आडवं केलं आणि म्हणाली, "काका, डोळे मिटा. मी तळव्याला एक दोरा लावणार आहे. लागला की 'हां' म्हणा."

मी डोळे मिटले. वाट बघितली. पोरगी दोरा शोधत असेल, कोणाशी बोलत असेल, असं मनात म्हणत पडून राहिलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "उघडा डोळे. झालं."

मी म्हटलं, "सुरू कधी केलंत?"

शालन बाजूला उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. डॉक्टरने दहा जागी दोरा टेकवला होता, हे तिने बघितलं होतं. डॉक्टर म्हणाली, "काका, तुमचा पाय आता तुम्हाला काही सांगणार नाही. त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी बघायला हवं. जखम चिघळली तर पाय कापावा लागतो, हे तुम्हाला आजच सांगून ठेवते."

फोनवरचा दवाखाना

चार दिवस ठेवून घेऊन मला सोडलं. आमचं गाव पेडण्याहून बरंच आत. एक दिवसाआड म्हापशाला यायचं तर पायावर ताण, म्हणून डॉक्टर रेवतीने एक नंबर दिला. घरी रोज पट्टी बदलायची, एक दिवसाआड जखमेचा फोटो त्या नंबरवर पाठवायचा. सोबत तीन गोष्टी लिहायच्या: साखर किती, ताप आहे का, पायावर भार दिला का. दर पंधरा दिवसांनी प्रत्यक्ष यायचं. मधे काही वाटलं तर लगेच लिहायचं.

मला हे फार आवडलं. घरबसल्या डॉक्टर. फोन लेकीने लग्न होऊन साखळी गावी जाताना ठेवलेला, जुना, पण फोटो स्वच्छ काढायचा. रेंज मात्र आमच्याकडे फक्त पुढच्या जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी मिळते. मी जनेलाला खुर्ची लावून पाय स्टुलावर ठेवून बसायचो. फोटो गेला की दोन खुणा निळ्या होण्याची वाट बघायची. निळ्या झाल्या की अर्धा पाय बरा झाल्यासारखा वाटायचा. मग उत्तर यायचं: "छान. असंच चालू ठेवा."

फोटो काढायचं काम शालनकडे होतं. आता शालन कशी आहे ते सांगायला हवं. आमच्याकडे कोणी यायचं म्हटलं की ती अंगण झाडते, दोरीवरचे ओले कपडे मागे नेते, मला बनियनवर शर्ट घालायला लावते. विजेचं मीटर बघायला माणूस आला तरी हेच. घरची अडगळ परक्याला दाखवायची नाही, ही तिच्या आईची शिकवण. आणि इथे तर डॉक्टर बघणार.

तर ती आधी जखम मिठाच्या पाण्याने धुवायची, शिकवलं होतं तसं. पू टिपून घ्यायची. जुनी पट्टी लगेच मागच्या दारी नेऊन टाकायची. मग माझ्या पायाला, जखम सोडून, सगळीकडे पावडर लावायची. खाली पाहुण्यांचा पांढरा टॉवेल अंथरायची. मग फक्त तळव्याचा फोटो, कारण घोट्याजवळ माझी कातडी काळवंडलेली होती आणि ते तिला बरं दिसत नव्हतं.

मी एकदा म्हटलं, "अगो, पायाचं लगीन आहे काय?"

"गप बसा तुमी. असो घाण पाय धाडलंय तर ती डॉक्टर काय म्हणतली? ह्येंच्या घरात कोण बघणारां नाय म्हणतली."

पंधराव्या दिवशी म्हापशाला दाखवून आलो तेव्हा जखम ठीक होती. तिसऱ्या आठवड्यात खोलीत वास येऊ लागला. शालन उदबत्ती लावायची. मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. दोघांनाही कळत होतं आणि दोघांच्याही तोंडाला कुलूप होतं. फोनवर "छान" आलेलं असलं की त्या वासावर विश्वास ठेवायचं कारण नव्हतं.

माझा शुक्रवार

इथपर्यंत वाचून तुम्ही शालनला दोष देत असाल, तर थांबा.

त्याच आठवड्यातला शुक्रवार. म्हापशाचा बाजार. त्या दिवशी सकाळच्या गाडीला बायका भाजीच्या, फुलांच्या पाट्या घेऊन उभ्या असतात, पाय ठेवायला जागा नसते. माझ्या जागी ठेवलेला ड्रायव्हर आजारी पडला आणि मालकाने फोन केला. त्याने जबरदस्ती केली नाही. नुसतं म्हणाला, "तुला जमणार नाही ना रे?" हे "जमणार नाही ना" मला झोंबलं.

शालन तेव्हा नळावर होती. तिला म्हटलं, पंचायतीत जाऊन येतो, शेजाऱ्याच्या स्कूटरवर, भार पडणार नाही. आणि जाऊन दोन फेऱ्या मारल्या. पायाला बूट, बुटात पट्टी, आणि पायाला काही जाणवत नाही हे तेव्हा मला सोयीचंच वाटलं. खरं सांगतो, फार बरं वाटलं. स्टिअरिंग हातात आलं आणि मी पुन्हा माणसात आलो. एका म्हातारीने विचारलंसुद्धा, "खंय होतंस रे इतके दिस?"

संध्याकाळी फोटोखाली तिसऱ्या प्रश्नाला मी लिहिलं: भार दिला नाही.

शालन मोरजीला गेली तो दिवस

पुढच्या आठवड्यात मोरजीला शालनच्या भावाकडे पूजा होती. ती सकाळच्या पहिल्या बसने निघाली. जाताना दहा सूचना: पट्टी मी आल्यावर बदलेन, हात लावू नका, जेवण झाकून ठेवलंय, भात थोडाच घ्या, पावाची पोय अर्धीच. फोटोचा दिवस होता हे ती विसरली. मी विसरलो नाही. एक दिवस चुकवला तर डॉक्टर विचारेल असं वाटलं.

स्वतःच्या तळव्याचा फोटो काढून बघा म्हणजे कळेल. पोट मधे येतं. शेवटी गाडीखाली सायलेन्सर बघायला जसा शिरतो तसा विचार केला. फोन जमिनीवर उताणा ठेवला, दहा सेकंदांचा टायमर लावला, पट्टी सोडली आणि पाय त्याच्यावर धरला. फोटोत सगळं आलं. न धुतलेली जखम, तिच्या कडेचा काळा पट्टा, हिरवट पिवळा पू, घोट्यापर्यंत चढलेला लालपणा, आणि कोपऱ्यात पडलेली ओली पट्टी.

मला लाज वाटली. तरी पाठवला, आणि खाली लिहिलं, "माफ करा, आज बायको घरी नाही."

पाच मिनिटं झाली नसतील, फोन वाजला. चेहरा दिसणारा फोन. मला वाटलं, आता घाण फोटोबद्दल बोलणार. डॉक्टर रेवती म्हणाली, "काका, पाय असाच धरा. घोट्याच्या वर बोटाने दाबा. सोडा. खड्डा राहतो?"

"राहतो."

"थंडी वाजते?"

"काल संध्याकाळी वाजली थोडी."

"वास येतो?"

मी देवाच्या फळीकडे बघितलं. "बायको उदबत्ती लावते," म्हटलं.

डॉक्टरने घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाली, "काका, आत्ता निघा. बसने नको, कोणाची तरी गाडी बघा. पाय खाली टेकवू नका. मी इथेच आहे."

सत्तावीस वर्षं लोकांना म्हापशाला पोचवणाऱ्या माणसाला शेजाऱ्याने उचलून गाडीत घातलं. वाटेत माझीच बस समोरून आली. कंडक्टरने हात केला. मी मान फिरवली.

दोन बोटं

निरोप मिळताच शालन मोरजीहून तशीच आली. पूजेची साडी, केसांत अबोलीचा गजरा, हातात प्रसादाचा डबा. डॉक्टर रेवतीने आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "दोन बोटं जाणार हे नक्की. आत किती पसरलंय ते उघडल्यावर कळेल. पाय ठेवायचा मी पूर्ण प्रयत्न करीन. पण ठेवता आला नाही तर परवानगी लागेल, ती आता द्या."

शालनने माझ्या खिशातला फोन काढून घेतला. तिने आजवरचे फोटो एकेक करून डॉक्टरला दाखवले, आणि म्हणाली, "तुमी छान म्हटलात ना बाय? सगळे बरे होते ना? मी तर रोज धुवन काढलंय. पावडर लावलंय."

"पावडर?" डॉक्टर म्हणाली.

तेव्हा सगळं बाहेर आलं. टॉवेल, पावडर, उदबत्ती. शालन सांगत गेली आणि सांगता सांगताच तिला समजत गेलं. पावडरीखाली लालपणा झाकला गेला होता. पट्टी टाकून दिल्यामुळे पू किती ते दिसलं नव्हतं. ती खुर्ची सोडून जमिनीवर बसली. "माझ्यामुळे झालां," म्हणाली.

डॉक्टर तिच्याजवळ येऊन जमिनीवर उकिडवी बसली. हे मी विसरणार नाही. म्हणाली, "काकी, 'छान' मी लिहिलं. जुनी पट्टी दाखवा, वास येतो का सांगा, हे मी विचारायला हवं होतं. पाय बघण्याऐवजी मी फोटो बघत राहिले. चूक तुमची एकटीची नाही." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "काका, भार दिला होता का कधी?"

शालन माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "नाही."

माझी दोन बोटं गेली त्याचं मला वाईट वाटतं. पण त्या "नाही"चं जास्त वाटतं.

वॉर्डातला परशराम

पाय वाचला. शुद्धीवर आलो तेव्हा आधी चादर उचलून बघितलं. पट्टीचा मोठा गोळा होता, पण त्याच्या पुढे पाय होता. शालनने सांगितलं, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. क्लच अंगठ्याकडच्या बाजूने दाबतात, हा विचार मला तिथेच आला. माणूस सुधारत नाही.

वॉर्डात पहाटे पाचला बोट टोचून साखर बघायचे, मग बिनसाखरेचा चहा, मग ड्रेसिंगची गाडी चाकं कुरकुरवत यायची. कोणत्या खाटेपाशी थांबते ते ऐकत आम्ही पडून असायचो. शेजारच्या खाटेवर परशराम होता, बेळगावकडचा, इमारतींच्या कामावर सेंटरिंग करणारा. पायात खिळा घुसून त्याचीही अशीच जखम झालेली. तो डॉक्टरपर्यंत पोचला तेव्हा उशीर झाला होता. पाय गुडघ्याखाली गेला. गावी बायकोला त्याने फक्त "पाय दुखतोय" एवढंच कळवलं होतं.

एका दुपारी त्याने माझा फोन मागितला आणि बायकोला चेहरा दिसेल असा फोन लावला. मी म्हटलं, आता सावरून सांगेल. त्याने चादर बाजूला केली आणि फोन खाली नेला. "बग, हितंपतूर हाय. खाली न्हाई." पलीकडून रडणं ऐकू आलं. तो फोन तसाच धरून बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "रडून झालं काय? आता म्हशीचं सांग. व्याली का?"

फोन परत देताना मला म्हणाला, "आठ दिस पोटात ठेवलंतं. आता हलकं वाटतंय बगा."

मी पलीकडे तोंड करून झोपलो. झोप कसली लागते.

निळ्या खुणा

घरी आलो. डॉक्टर रेवतीने आता फोटोंची पद्धत बदलली होती. आधी काढलेल्या पट्टीचा, मग न धुतलेल्या जखमेचा, मग धुतलेल्याचा, घोटा दिसेल असा. आणि चौथा प्रश्न वाढवला: वास येतो का. आम्हालाच नाही, तिच्या सगळ्या रोग्यांना.

पण शालन फोनला हात लावेना. "माका नको तो फोन. तुमीच काय ता करा," म्हणायची. पट्टी मात्र बदलायची, खाली मान घालून. पाहुणा आला तरी अंगण झाडायचं तिने सोडून दिलं होतं. शेजारणीने विचारलं तर सांगायची, माझ्या शहाणपणाने ह्यांची बोटं गेली. मी ते जनेलापाशी बसून ऐकायचो. तीन आठवडे ऐकलं.

एका सकाळी ती स्वयंपाकघरात मासे साफ करत होती. मी फोन तोंडाजवळ धरला, बोलून पाठवतात ते बटण दाबलं आणि जरा मोठ्यानेच बोललो. तिला ऐकू जावं म्हणून. समोर उभं राहून सांगायचं धाडस नव्हतं.

"डॉक्टर, मी खोटं सांगितलं होतं. एका शुक्रवारी मी बस चालवली. दोन फेऱ्या. फोटो स्वच्छ होते म्हणून बोटं गेली असं माझी बायको समजते. मी तिला तसं समजू दिलं."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. ती दारात आली, हाताला खवले लागलेले.

"शुक्रवारी?"

"हो."

"माका म्हापशात मासळीवाली म्हणाली होती, तुजो घोव गाडयेर दिसलो. मी तिच्याकडे भांडलंय. म्हटलंय, तो घरात आसा, पाय वर करून बसलेलो आसा. माझो घोव खोटा सांगूचो नाय." तिने हाताचे खवले पदराला पुसले. "तिच्याकडसून मासे घेवचे बंद केलंय मी."

ती रडली नाही. दोन दिवस बोलली नाही. जेवण वाढायची, पट्टी बदलायची, आणि पट्टी आवळताना नेहमीपेक्षा जरा जास्त आवळायची. डॉक्टरचं उत्तर आलं होतं, "काका, सांगितलंत ते बरं केलंत. पण हे मला नाही, काकींना सांगायचं होतं." मी लिहिलं, "तिनेच आधी ऐकलं."

तिसरा दिवस फोटोचा. शालन अंगण झाडून आत आली. कितीतरी दिवसांनी झाडलं होतं. माझ्यासमोर पाटावर बसली, पट्टी सोडली आणि फोनसाठी हात पुढे केला. पट्टीचा फोटो काढला. न धुतलेल्या पायाचा काढला. मी सवयीने म्हटलं, "टॉवेल?"

"गप बसा."

मग तिने बोलायचं बटण दाबलं. ह्या नंबरवर ती पहिल्यांदाच बोलत होती.

"डॉक्टर बाय, मी तेंची बायको, शालन. फोटो धुवच्या आधीचो आसा. वास नाय. सूज नाय. भार दिलो काय ता तेंका विचारू नका. माका विचारा."

आम्ही दोघं त्या खुणांकडे बघत बसलो. निळ्या झाल्या. उत्तर आलं: "काकी, हा नंबर मी आता तुमच्या नावाने ठेवते."

जखम भरली आहे. बस दुसरा माणूस चालवतो, मी कधी कधी पुढच्या सीटवर बसून जातो आणि गिअर बदलताना त्याला नाही नाही ते शिकवतो. एक दिवसाआड तो मेसेज अजून येतो, "शालन काकी, आज काका कसे आहेत?" शालन आधी माझा पाय उचलून तळवा बघते, हुंगून बघते, मग माझ्या तोंडाकडे बघते, आणि मगच लिहिते.